आसनव्यवस्था

थोरल्या मुलीच्या लग्नात कोणी कोणाशेजारी बसू नये, याचे कोष्टक वडिलांनी संगणकावर मोठ्या निगुतीने तयार केले होते; परंतु त्यावरून आसने ठरवून देणारा मॅक्रो चालवला, की प्रत्येक वेळी 'अशी रचना शक्य नाही' एवढेच उत्तर येई. धाकटीने पसंत केलेला संगणक अभियंता प्रथमच घरी आला, तेव्हा चहाच्याही आधी त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवण्यात आला.

"एवढं सोडवून दाखवा. तुमच्या विषयाचं मग बघू."

सूत्रांत कोठेही चूक नव्हती. तेव्हा त्याने एकेक नातेवाईक वगळून पाहिला. आत्याला वगळले, मामांना वगळले, भांडखोर म्हणून ख्यात असलेल्या काकांनाही वगळले, उत्तर तेच. अखेरीस त्याने खुद्द वडिलांचे नाव काढले आणि सगळे गणगोत क्षणार्धात गुण्यागोविंदाने बसले.

"सापडलं का घोळाचं मूळ?" वडिलांनी विचारले. "आत्याच ना? मी म्हणतच होतो."

मुलाने लॅपटॉप किंचित आपल्याकडे वळवला. "नाही काका, चूक अगदी बारीक आहे. तुम्ही स्वतःचं नाव यादीत घातलंत. यजमानाला बसायला उसंत कुठे असते? तुम्ही तर सगळ्यांची विचारपूस करत फिरणार."

"अरे, खरंच की," वडील प्रसन्न झाले. "हे त्या मॅक्रोला कसं कळावं?"

त्याच्या पाठीमागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आईने पडद्यावरची नावे एकवार नीट वाचली आणि धाकटीच्या कानाशी लागून म्हटले, "पोरी, याला हातचा जाऊ देऊ नकोस."