वरून काही दिसलं का?

"रिकामा हात पोटात खुपस. चेंडू मांडीआड. आणि डोळे कुठे?"

"रिकाम्या हातावर, कोच," कोल्टन म्हणाला.

"मग माझ्याकडे काय बघतोस? मी काय तुझी प्रेयसी आहे?"

पोरं खिदळली. मैदानाच्या कडेच्या लोखंडी मचाणावर कॅमेरा घेऊन बसलेली नोरीनही हसली. हा विनोद ती एकतीस वर्षं ऐकत होती. ऑक्टोबरातला गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोसमातला शेवटचा घरचा सामना. पलीकडे मक्याची कापणी चालली होती आणि वाऱ्याबरोबर धूळ मैदानावर येत होती.

खेळी एकच होती, अमेरिकन फुटबॉलमधली बूटलेग. चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, म्हणजे क्वार्टरबॅक कोल्टननं, तो सोबत्याच्या पोटाशी दिल्यासारखं करायचं, द्यायचा मात्र नाही. सोबती हवा कवटाळून उजवीकडे पळतो. समोरचे सगळे त्याच्यामागे धावतात. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू लपवून डावीकडे सटकतो आणि मोकळ्या गड्याकडे लांब फेकतो.

कोच वेन हॅव्हलिक हे नोरीनचे वडील. खेळी जमली की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. नोरीन आठ वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा मचाणावर चढवलं. "वरून चेंडू दिसला की 'दिसलं!' म्हणून जोरात ओरडायचं. कुणाचीही भीड धरायची नाही. माझीसुद्धा." ती ओरडली की सगळा संघ मैदानाला एक फेरी मारायचा, कोचसकट. आता ती त्याच शाळेचं ग्रंथालय सांभाळत होती, पण दर गुरुवारी मचाण तिचंच होतं.

"नाही जमत. बाजूला हो, मी दाखवतो."

कोचनी चेंडू घेतला. नोरीननं कॅमेरा त्यांच्यावर धरला. ते वळले, रिकामा हात सोबत्याच्या पोटात खुपसला, चेंडू मांडीआड नेला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही ते इतकं सफाईनं झालं की समोरची चार पोरं खरोखरच उजवीकडे धावली.

नोरीनची नजर धावली नाही. तिच्या भिंगात तो रिकामा हात होता. तो परत आलाच नाही. त्यानं छातीवरचा शर्ट मुठीत धरला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. चार पावलांवर कोच थांबले. मग चेंडू सोडून देऊन ते वाकले आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळू लागले. डोळेही गुडघ्यावरच.

"हा मेला गुडघा!"

सगळ्यांनी गुडघ्याकडे पाहिलं.

"म्हाताऱ्या, गुडघा कसला, दुपारची ती राजमा-खिम्याची चिली बोलतेय," सहायक कोच डॅरल म्हणाला. "दोन वाट्या हाणल्यास."

"तीन. आणि वर दोन दालचिनीचे रोल. टोकायला घरात बायको नाही ना आता."

पुन्हा हशा. त्या हशात कोचनी मान वर केली, उन्हासाठी कपाळावर हात धरला.

"नोरी! वरून काही दिसलं का?"

शब्द तिच्या ओठांवर होता. ती ओरडली असती तर डॅरलनं त्यांना तिथूनच गाडीत घातलं असतं. उद्या ते मैदानाच्या कडेला नसते, इस्पितळाच्या खाटेवर असते. हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं, शाळेनं तसं सांगून टाकलं होतं. एक दिवसाचा तर प्रश्न, तिला वाटलं. शनिवारी सकाळी मीच घेऊन जाईन.

"नाही!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही, डॅड!"

ते क्षणभर तसेच वर बघत राहिले. मग टाळी वाजवून पोरांकडे वळले. "ऐकलंत? म्हणजे जमली."

शुक्रवारी तिसऱ्या सत्रात त्यांनी तीच खेळी सांगितली. सगळं मैदान उजवीकडे फसलं. कोल्टन डावीकडे सुटला आणि त्यानं चेंडू फेकला. तो मोकळ्या गड्याच्या हातात पडला तसं अख्खं गाव उभं राहून ओरडायला लागलं. नोरीनला खेळी पाठ होती. तिचा कॅमेरा सुरुवातीपासून चेंडूबरोबर गेला. भिंग तिनं संघाच्या बाकाकडे परत आणलं तेव्हा तिथे माणसांचा गोल झाला होता, आणि गोलातली माणसं खाली बघत होती.

दफन सोमवारी झालं. गुरुवारी सराव झाला. तो टाळावा असं त्या गावात कुणाच्या मनातही आलं नाही. मचाणाच्या शिडीपाशी डॅरल टोपी हातात घेऊन उभा होता.

"नोरी, एक सांगायचं राहिलंय. त्या गुरुवारी मैदानावर येताना वेन म्हणाला, 'आज नोरी ओरडली तर उद्या सकाळी डॉक्टरकडे जातो. नाही ओरडली तर सामन्यानंतर बघू.' मला वाटलं, गुडघ्याचं बोलतोय." त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मी आपला गुडघाच बघत राहिलो गं."

ती शिडी चढून वर गेली.

खाली कोल्टननं खेळी केली. रिकामा हात पोटात, डोळे हातावर. इतकी सुरेख की चेंडू वरूनही दिसला नाही. पोरं सवयीनं थांबली आणि माना वर करून वाट बघू लागली.

नोरीन चेंडू शोधतच नव्हती. गेल्या गुरुवारी ते जिथे वाकले होते, तिथल्या गवताकडे ती बघत होती. तिनं कॅमेरा खाली ठेवला, कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि आठ वर्षांची असताना ओरडायची तशी बेंबीच्या देठापासून ओरडली.

"दिसलं होतं! डॅड, मला दिसलं होतं!"