होडी की फिजिक्स

बर्फ ओढायच्या फावड्याशेजारची कुऱ्हाड उचलून रसेल हॅडिक गॅरेजमध्ये शिरला, तेव्हा त्याची मुलगी कोरिन होडीत बसून तिची कड घासत होती. होडी तिचीच. शाळेच्या लाकूडकामाच्या वर्गात देवदाराच्या पट्ट्या जोडून तिनं ती उभी केली होती आणि हिवाळ्यापुरती घरी आणली होती.

"पुढच्या वर्षीच्या विषयांतून लाकूडकाम काढ आणि फिजिक्स टाक," रसेल म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

"नाही टाकणार."

तो शाळेच्या समुपदेशक बाईंना भेटून आला होता. शेवटच्या वर्षाला अवघड विषय घेतले नाहीत, तर 'या मुलीनं सर्वांत कठीण अभ्यास निवडला' असं मी कॉलेजांना कसं कळवू, असं बाई गोड हसून म्हणाल्या होत्या. त्या हसण्यानंच त्याचं डोकं फिरलं. माणूस दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना 'दुखणार नाही हं' म्हणणारा. पण मोठ्या कॉलेजांचं नाव निघालं की त्याला समोरचं माणूस दिसत नसे.

"अगं, होडी झालीच आहे की! राहिलेलं उन्हाळ्यात उरक. त्यासाठी अख्खं वर्ष कशाला वाया घालवतेस? शेजारची पोरं फिजिक्स घेणार आणि तू काय सुतारीण होणार?"

"हो. सुतारीणच होणार."

पहिला घाव होडीच्या टोकावर बसला. कोरिन हलली नाही.

"ऊठ!"

तिनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. पुढच्या घावासरशी बाजूची पट्टी उभी फाटली. "ऊठ म्हणतो ना, कार्टे!" इथे कुणीतरी त्याला धरायला हवं होतं. धरायला कुणी नव्हतं. कुऱ्हाड पुन्हा खाली आली, कडेवरून घसरली आणि तिच्या हातावर उतरली.

किंचाळला तो. ती नाही. कुऱ्हाड टाकून तो फरशीवर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

त्याची बायको मार्लीन स्वयंपाकघरातून धावत आली. नवऱ्याच्या तिनं एक सणसणीत कानाखाली ओढली, मग लेकीचा हात पाहिला. बोटं शाबूत होती, हाताची पाठ उघडी पडली होती. खांद्यावरचं भांडी पुसायचं फडकं तिनं त्यावर गच्च आवळलं.

"बसलायस काय? गाडी काढ! टाके पडणार आहेत."

मग तिची नजर होडीवर गेली, रक्तावर गेली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. मला विचाराल तर कुऱ्हाडीपेक्षा हाच घाव वाईट होता.

"राणी, कॉलेजच्या अर्जात तो निबंध असतो ना, आपण काय काय सोसलं त्याचा? हे लिहिशील? असं दुसऱ्या कुणाकडेच नसेल गं." बोलता बोलता तिनं फोन काढून होडीचा फोटोही घेतला.

रसेलचं रडणं थांबलं. त्यानं आशेनं मान वर केली.

कोरिननं दोघांकडे पाहिलं. बऱ्या हातानं फाटक्या पट्टीवरची कुसळं झटकली.

"लिहीन," ती म्हणाली. "पण लाकूडकाम राहू दे. उन्हाळ्यात पुरी झाली असती, बाबा. आता हिला अख्खं वर्ष लागेल."