हंगामभराचा अबोला

शेवटची शिट्टी वाजली आणि संघ एका गुणानं हरला. उपांत्य सामना गेला, हंगाम संपला. कप्तान, जिला सगळ्या अक्का म्हणायच्या, तोंडावर टॉवेल घेऊन मैदानातच बसली. बाकीच्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. चिमणीला मात्र एकदम हलकं हलकं वाटलं, आणि मग त्याची इतकी लाज वाटली की तीही टॉवेल शोधायला लागली.

चिमणी संघातली सगळ्यात बुटकी. चेंडू पुढे न्यायचा आणि बास्केटखाली उभ्या असलेल्या शिडीच्या हातात द्यायचा, हे तिचं काम. शिडी नावाप्रमाणेच. क्लबनं दोघींना एकच खोली दिलेली, आणि त्या एका डब्यातलं खायच्या. हंगामाच्या पहिल्याच सामन्याच्या सकाळी दोघी सरावात कडाकडा भांडल्या.

"तू पास देत नाहीस, भीक घालतेस," शिडी म्हणाली.

"मग मागायला तोंड उघडू नकोस," चिमणी म्हणाली.

झालं. अबोला. त्याच संध्याकाळी त्यांनी गतविजेत्या संघाला लोळवलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पुढचा सामनाही जिंकला, त्याच्या पुढचाही, आणि अक्कानं फर्मान काढलं, जिंकतोय तोवर या दोघींनी बोलायचं नाही. मैदानात चेंडूपुरतं, बाकी एक अक्षर नाही. कोचबाई आधी हसल्या. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण जिंकायची सवय लागली, तशा त्या स्वतःच बसमध्ये डोकावून बघायला लागल्या, दोघी लांब लांब बसल्यात ना म्हणून. विश्वास नसला तरी नोकरी होतीच.

आता कुणी म्हणेल, चोरून बोलायचं. अहो, पण चोरून बोलायचं हे ठरवायला तरी आधी कुणीतरी बोलायला हवं ना! आणि आधी कोण बोलणार? राग तेव्हा ताजा होता. पुढे राग विरून गेला आणि अबोला तेवढा उरला. दर सामन्याला चिमणीला वाटायचं, आज हरू, आज सुटू. मुद्दाम हरावं तर तेही जमेना. चेंडू हातात आला की हात आपलं काम करून मोकळे व्हायचे.

मग मधेच शिडीच्या आईचं ऑपरेशन झालं. शिडी गावी जाऊन आली आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. संघातली एकूण एक बाई येऊन विचारपूस करून गेली. शेजारच्या पलंगावरची चिमणी तेवढी गप्प. तिनं चहा करून उशाशी ठेवला. शिडीनं तो प्यायला, पण वर पाहिलं नाही. त्या दिवसापासून चिमणीनं धास्तीच घेतली. हे आता जिंकण्यासाठी राहिलं नाही, हंगाम संपला तरी ही आपल्याशी बोलायची नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

आता कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शिडीचा शेवटचा फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर पडला होता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शिडी बाकावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. अक्कानं नाक पुसलं आणि दोघींकडे पाहिलं.

"बोला गं बायांनो आता. सुटलात एकदाच्या."

चिमणीकडे पोतंभर साठलं होतं, त्यातलं आधी काय काढावं तेच कळेना. शिडीनं बर्फाची पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर नेली. शेवटी चिमणी उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"काकू कशा आहेत गं?"

"आत्ता विचारतेस?"

"आत्ता."

"बरी आहे. घरातल्या घरात फिरते." मग पिशवीकडेच बघत ती म्हणाली, "रोज फोनवर तुझी चौकशी करते. चिमणी काय म्हणते म्हणून."

"मग तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? आजारी माणसाला सांगू, अबोला धरलाय म्हणून? रोज काहीतरी रचून सांगते. आज चिमणी हे म्हणाली, आज चिमणीनं मला असं हसवलं. काल म्हटलं, चिमणीनं मला झोपूच दिलं नाही, बडबड बडबड नुसती." शिडीनं पिशवी गुडघ्यावर घट्ट दाबली. "तिला इतकं बरं वाटतं ना. आणि खरं सांगू, सांगताना मलाही वाटतं."

बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता. कुणी उठलं नाही. चिमणीला आता मात्र रडू फुटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी त्याची लाज अजिबात वाटली नाही. तिनं बर्फाची पिशवी शिडीच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच तिच्या गुडघ्यावर धरली.

"सांग ना मग," ती म्हणाली. "अगदी पहिल्या दिवसापासून सांग. मी काय काय म्हणाले?"