चोवीस पिनांचा प्लग

त्या घरातला कॉम्प्युटर महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता. साहेबांनी दाराचं बाहेरचं कुलूप काढून मला आत घेतलं. त्यांची बायको टेबलापाशी उभी होती; ती घरूनच टायपिंगचं काम करायची.

मी कॅबिनेट उघडलं. पॉवर सप्लायमधून आलेल्या वायरींच्या जुडग्यातला सगळ्यात रुंद, चोवीस पिनांचा प्लग याही खेपेला मदरबोर्डवरून निघालेला. आधी दोनदा मी तो मुकाट्याने बसवून, पाणी पिऊन निघून गेलो होतो.

"सारखा सारखा निसटतो कसा हो?" साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणाले.

त्या प्लगला खटका असतो. तो अंगठ्याने दाबून प्लग ओढताना मलाही दात आवळावे लागतात. आपोआप निसटायचा प्रश्नच नाही. मी वर बघितलं. तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं होतं. तिने हात मागे घेतला.

"वायर आखूड आहे, ताण बसतो," मी ठोकून दिलं. "सप्लाय बदलायला मशीन दुकानात न्यावं लागेल. ताईंना पाठवा बरोबर. पासवर्ड टाकायला लागतील."

"तिचे सगळे पासवर्ड मला पाठ आहेत," साहेब हसले. "चला, मीच येतो."

मशीन उचलून मी जिन्यात आलो. मागे साहेबांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला बोलवायला तिच्याकडे आता प्लगही उरला नव्हता.