मिरचीचं पाणी

काशम्मा सकाळी तळ्यावर आली तेव्हा मासे वर आले होते. शेकडो तोंडं पाण्याबाहेर, आ वासलेली. मैंदर्गीजवळच्या त्या गावतळ्यात मे महिन्यात कमरेएवढंच पाणी उरलं होतं, आणि दोन दिवस आभाळ गच्च भरून राहिलं होतं. तिच्या बचत गटाच्या सात बायांनी बोटाएवढी पिल्लं आणून सोडली, त्याला नऊ महिने झाले होते. पंधरा दिवसांनी जाळं टाकायचं ठरलं होतं.

मागून गटातली अजीजा धापा टाकत आली. पाण्याकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"दुपारपर्यंत एक बी राहत न्हाय, काशम्मा. आत्ताच जाळं टाकू की. मिळंल तेवढं मिळंल."

"थांब जरा."

बांधावर शेजारच्या रानातल्या शिवपुत्रची मोटर घरघरत होती. तळ्यातलं पाणी काळ्या पाइपातून त्याच्या मिरचीला चाललं होतं. काशम्मा तडक त्याच्या रानात शिरली.

"अण्णा, मासे मरायला लागल्यात."

शिवपुत्रनं फावडं टेकवलं. "मोटर बंद करा म्हणायला आलीस व्हय? तीन दिवसांनी लाइट आलीय. मिरची बघ, माना टाकल्यात तिनं."

"बंद नका करू. पाइप तेवढा फिरवा. तळ्याचं पाणी वरनं तळ्यातच पडू द्या. घुसळलं की त्यास्नी हवा मिळती. ऊन पडंस्तोवर."

"आन् माझी मिरची?"

काशम्मा खोटं बोलली नाही.

"तिचं आजचं पाणी जाईल," ती म्हणाली. "पर एकदा येऊन बघा तरी."

तो आला तो तिला वाटेला लावायलाच. पण बांधावर आला आणि बघतच राहिला.

"असं का करत्यात?"

"दम लागलाय त्यास्नी. दोन दिस ऊन न्हाय, पाण्यातली हवा सरलीय."

शिवपुत्रनं वाकून मोटरीजवळचा पाइपचा जोड सोडला, तोंड तळ्याकडं वळवलं आणि पाइप खांद्यावर घेतला. अजीजानं मागून धरला. उंचावरनं धार कोसळू लागली. एक एक करत मासे तिकडं सरकले, एकमेकांच्या अंगावर चढत धारेखाली दाटले.

पाव तास झाला नसेल तोच मोटर गप्प झाली. लाइट गेली होती. धार आखडली, मग नुसती ठिबकू लागली. पुन्हा ती तोंडं वर आली.

काशम्मानं शिवपुत्रकडं बघायचं टाळलं. त्याच्या मिरचीचं पाणीही गेलं होतं. तिनं पदर खोचला, मोटरीजवळचं घमेलं उचललं आणि पाणी भरून उंचावरनं ओतायला लागली. अजीजा ओंजळीनं उडवू लागली.

शिवपुत्रच्या घरात माशाचं नावसुद्धा निघत नसे. बाजारात मासळीवाल्या बाया बसल्या की तो पलीकडच्या गल्लीनं जायचा. त्यानं रिकामा पाइप टाकला, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरून दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. तोंडावर, टोपीवर चिखलाचं पाणी उडत होतं. त्याला भान नव्हतं.

"अण्णा, हळू," काशम्मा म्हणाली. "तुमच्या पायाशी बी मासे हायत."