परसातलं खुराडं

“बल्ब अजून खाली घे. बघ, कशी एकमेकांच्या अंगावर चढतायत. गारठलीत बिचारी,” नवरा म्हणाला.

तिने दोरी सैल केली. बल्ब खोक्यात उतरला तशी पिल्लं पांगली आणि भुशावर पसरून डोळे मिटू लागली. दोघं नवराबायको उकिडवी बसून बघत राहिली.

कोंबड्या पाळायचं खूळ तिचंच. मोठी बहीण फोनवर हसली होती. “आधी शिलाई मशीन, मग रोपं, आता हे! तुझी धरसोड काही जायची नाही.”

धरसोड नव्हती ती. शिवणाची कामं चांगली मिळत होती, तोच गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर तेलाचे डाग पडले आणि नाव खराब झालं. मग कुंड्यांतून रोपं लावली. ती विकायला निघायच्या आधीच उकळतं पाणी ओतल्यासारखी माना टाकून मेली. तिच्या हाताला यश नाही असं सगळे म्हणायचे. नवऱ्याने मात्र कधी टोमणा मारला नाही. “नाही जमलं तर नाही जमलं. मी आहे ना?” एवढंच म्हणायचा.

तो सुतार. खुराडं त्याने स्वतः केलं. जमिनीपासून उंच, उतरत्या झाकणाचं, चारी बाजूंनी बारीक जाळीचं. आत बसायला आडवी काठी लावली, तिच्या कडासुद्धा कोंबड्यांच्या पायांना टोचू नयेत म्हणून घासून गोल केल्या.

पिल्लांना पिसं फुटली, माना लांब झाल्या, कबरी, लाल, तुरेवाली, ठमी अशी नावंही पडली. त्यांच्यासोबत तीही एकेक गोष्ट शिकत गेली. पाणी उथळ भांड्यात द्यायचं, खाण्यात शिंपल्यांचा चुरा मिसळायचा, अंग घोळायला राखेचा खड्डा करून द्यायचा. तुरा लाल झाला की समजायचं, आता अंडं येणार. पहिलं अंडं सापडलं तेव्हा ते ओंजळीत धरून ती घरभर नाचली. अजून ऊबदार होतं.

पुढे अंडी घरात मावेनात. दवाखान्यातली नर्स मागू लागली, शाळेतल्या बाई मागू लागल्या. टोपली घेऊन ती रोज बाहेर पडायची आणि गप्पा मारत मारत उशिरा परतायची. लोक तिला अंडीवाल्या वहिनी म्हणू लागले.

“आता तू मोठी असामी,” नवरा हसून म्हणाला. “आमच्या ताटात वाढायला तरी भेटशील ना?”

“भेटेन की. आधी वेळ ठरवून या,” तीही हसली.

एकच माणूस खूश नव्हता. कंबरभर भिंतीपलीकडे राहणारा निवृत्त बँडमास्तर. जन्मभर कानाशी ढोल वाजले, पण म्हातारपणी कोंबडीचं कॉक्‌कॉक सोसेना. एकदा तो भिंतीवरून ओरडला होता, “इथे त्या राहतील नाहीतर मी!”

एका दुपारी ती शाळेत अंडी पोहोचवायला गेली असताना नवऱ्याचा फोन आला. “दचकू नकोस हं. कबरी गेली.” तो जेवायला घरी आला, तर ही खुराड्यात मरून पडलेली. रक्ताचा थेंब नाही. ती पोहोचेपर्यंत त्याने पुरूनही टाकली होती.

आठवड्याने, ती स्वतः दाताच्या डॉक्टरकडे गेली होती तेव्हा, लाल गेली. मग तुरेवाली. दर वेळी फोन करायचं जड काम नवऱ्याच्याच नशिबी यायचं. तुरेवालीला मात्र तिने पुरू दिलं नाही. फडक्यात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी मानेवरून बोटं फिरवली. “रोगबीग काही नाही. मान पिरगळलीय. हे माणसाचं काम.”

तिला भिंतीवरची ती धमकी आठवली. बँडमास्तरचं दार कितीतरी दिवस बंदच होतं. मनात चोर असल्याशिवाय कोण असं तोंड लपवून बसेल?

“पुरावा काय आपल्याकडे?” नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. “म्हाताऱ्याच्या नादी लागू नकोस. ठमीला देऊन टाक कुणाला तरी. तुझे हाल बघवत नाहीत मला.”

“ठमीला नाही देणार, अहो. ती एकच राहिलीय.”

त्याने हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे जायला निघाली. बसथांब्यावर उभी राहिली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. बस आली, गेली. ती तरातरा मागे फिरली आणि थेट बँडमास्तरच्या दारावर मूठ आपटू लागली.

दार उघडायला बराच वेळ लागला. म्हातारा कुबड्यांवर लोंबकळत उभा होता. एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

“काय काका, माझ्या कोंबड्या...” तिची नजर प्लास्टरवर गेली.

“कोंबड्या कसल्या? महिना झाला न्हाणीत पडून. भाच्याने उचलून दवाखान्यात नेलं, ते थेट काल सोडलं मला. तुझ्याकडून अंडी घेते त्या नर्सला विचार हवं तर, तिनेच सुया टोचल्या. गल्लीत कुणाला पत्ता तरी होता का?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे कबरी जायच्या आधीपासून हा माणूस घरात नव्हताच.

“रडू नकोस, पोरी. आत जाऊन पाणी पी. मला आणून देता यायचं नाही.”

ती स्वयंपाकघरात गेली. मोरीवरच्या खिडकीतून तिचं परस लख्ख दिसत होतं. खुराड्यापाशी नवरा उभा होता. काम सोडून, अवेळी. तिने सांगितलेलं नसताना ठमीची काळजी घ्यायला आला होता! तिला भरून आलं. त्याने कडी काढली. हाताच्या ओळखीची ठमी आपणहून बाहेर आली. त्याने तिला उचलून काखेत घेतलं, मोकळ्या हाताने खिशातून फोन काढला.

तिच्या पिशवीत फोन वाजला.

“दचकू नकोस हं,” त्याचा आवाज दाटून आला होता. “आपली ठमीपण गेली गं.”

खिडकीपलीकडे, त्याच्या काखेत, ठमी त्याच्या शर्टाच्या बटणावर चोच मारत होती.