वेचलेली खापरं

वेशीपाशी म्हाताऱ्या संदेष्ट्याने नवाकोरा घडा डोक्यावर उचलला आणि दगडावर आपटला. “हे यरुशलेम असंच फुटणार! विधवेचं पांघरूण हिसकावून त्यावर लोळणाऱ्यांनो, देवाचा न्याय दाराशी आलाय!” माणसं माना खाली घालून पांगली. गर्दीतली यमीमाही घराकडे वळली, पण तेवढ्यात तिचं नुकतंच चालायला लागलेलं लेकरू अनवाणी खापरांकडे निघालं. तिने झडप घालून त्याला उचललं. “फोडायला काय जातंय, बाबा! पोरांच्या पायांत घुसली म्हणजे?” म्हातारा केव्हाच गुडघ्यांवर बसून खापरं वेचत होता. बोटातून रक्त येत होतं. ती वरमली. “देवानं फोडायला सांगितलं, मग वेचायला कोणी?” “त्यानंच, लेकी. फोड म्हणताना गरजला. वेच म्हणताना त्याचा गळा दाटून आला.” शेवटचा तुकडा उचलून त्याने उघड्या तळव्याने सगळी जमीन चाचपली. मग म्हणाला, “सोड आता त्याला खाली.”